बेन्फिका: दहा फायनल, दोन कप आणि गुटमनचा 'शाप'

तेजोकाठ

मंडळी,

गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना फुटबॉलचा विषय निघाला. मी पोर्तुगालच्या, लिस्बनमधल्या बेन्फिकाचं नाव घेतल्याबरोबर समोरचा म्हणाला, "म्हणजे तोच ना, शाप लागलेला क्लब?" मी मान डोलावली आणि नंतर दिवसभर चुटपुट लागून राहिली. ज्या क्लबाने सात वेळा युरोपियन कपची फायनल गाठली त्याची ओळख एका दंतकथेवर संपावी, हे मला फार लागलं. म्हणून हा धागा.

आधी हिशेब मांडतो. युरोपियन कप, म्हणजे आत्ताची चॅम्पियन्स लीग: फायनल सात. १९६१ आणि १९६२ जिंकल्या. १९६३, १९६५, १९६८, १९८८, १९९० हरल्या. यूएफा कप, म्हणजे आत्ताची युरोपा लीग: १९८३, २०१३, २०१४, तिन्ही हरल्या. १९६२ नंतर ओळीने आठ.

दंतकथा बहुतेकांना ठाऊक असेलच. हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमनने लागोपाठ दोन कप जिंकून दिले, बक्षिसाचे जास्तीचे पैसे मागितले, संचालकांनी नाही म्हटलं, आणि 'माझ्याशिवाय शंभर वर्षं युरोपात जिंकणार नाही' असं बोलून तो निघून गेला. आठ पराभव बघितले की कोणालाही हे पटतं. मला पटत नाही. या आठही सामन्यांना आपापलं कारण आहे, आणि ती कारणं शापापेक्षा कितीतरी ऐकण्यासारखी आहेत.

सुरुवात ३१ मे १९६१ पासून करू. स्वित्झर्लंडमधलं बर्न, वांकडॉर्फ स्टेडियम, समोर बार्सिलोना. युरोपियन कप सुरू झाल्यापासून पाचही वर्षं तो रेआल माद्रिदकडेच होता, आणि त्या हंगामात रेआलला बाहेर काढलं ते बार्सिलोनाने. त्यामुळे कप त्यांचाच असं सगळे धरून चालले होते. त्यांच्या संघात कोचिश आणि झिबोर हे दोघे हंगेरियन होते. सात वर्षांपूर्वी, १९५४ च्या विश्वचषकाची फायनल ते याच मैदानावर पश्चिम जर्मनीकडून ३-२ ने हरले होते. या वेळी दोघांनीही गोल केले. आणि बार्सिलोना हरली, पुन्हा ३-२ नेच! त्या मैदानाचे गोलखांब गोल नव्हते, चौकोनी होते. बार्सिलोनाचे फटके वारंवार त्या खांबांवर आदळून परत आले. बार्सिलोनाचे जुने लोक आजही त्या चौकोनी खांबांना बोल लावतात. म्हणजे बघा, दैव त्या दिवशी बेन्फिकाच्या बाजूला होतं, पण त्याला कोणी वरदान म्हणत नाही.

पुढच्या वर्षी २ मे १९६२ ला ॲमस्टरडॅममध्ये रेआल माद्रिद. पुश्कासने पहिल्या सत्रातच तीन गोल मारले. मध्यंतराला बेन्फिका ३-२ ने मागे. मग कोलुनाने लांबून मारलेल्या फटक्याने बरोबरी, आणि शेवटचे दोन्ही गोल वीस वर्षांच्या युसेबियोचे. ५-३. सामना संपल्यावर युसेबियोला रेआलच्या डी स्टेफानोचा शर्ट हवा होता. लहानपणापासूनचं दैवत ते. मागायची छाती होईना, म्हणून त्याने कोलुनाला मध्ये घातलं. शर्ट मिळाला. लोक मैदानात घुसले, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि सगळा वेळ तो तो शर्ट चड्डीत खोचून घट्ट धरून बसला होता. कप दुसऱ्यांनी उचलला तरी चालेल, शर्ट जाऊ द्यायचा नाही.

ही टीम आली कुठून, हेही सांगायला हवं. कर्णधार आगुआस अंगोलात जन्मलेला. गोलकीपर कोस्ता परेरा, कोलुना आणि युसेबियो तिघेही मोझांबिकचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बेन्फिकात फक्त पोर्तुगाल आणि पोर्तुगालच्या वसाहतींतले खेळाडू खेळायचे, बाहेरचा एकही नाही. क्लबाला याचा अभिमान होता. पण त्या अभिमानाच्या पोटात वसाहतवाद होता हेही तितकंच खरं. युसेबियोला इटलीतून बोलावणं असताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने देशाबाहेर जाऊ दिलं नाही, हे त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं. १९७५ मध्ये मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले, आणि ज्या वाटेने कोलुना आणि युसेबियो आले ती वाट बंद झाली. माझ्या मते साठच्या दशकानंतर बेन्फिका मागे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. शाप कोणी दिला असेलच तर तो इतिहासाने दिला.

फायनलबद्दल खाली बोलू. प्रत्येकाला आठवणारी वेगळी असणार.

---

रंकाळ्याचा_वारा

भारी धागा! आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालमींचा जीव की प्राण. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या गल्लीतली दुकानं अर्ध्या दिवसाने बंद व्हायची. त्यामुळे हरलेल्या फायनलचं दुःख आम्हाला कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

मला १९६५ ची सांगायची आहे. बेन्फिका विरुद्ध इंटर. आणि फायनल कुठे, तर मिलानमध्ये सान सिरोवर, म्हणजे इंटरच्या स्वतःच्या घरात! वर पाऊस. मैदानात नुसता चिखल. मध्यंतराच्या थोडं आधी इंटरच्या जाइरने फटका मारला. फार जोरात नव्हता. कोस्ता परेरा खाली बसला, आणि ओला चेंडू हातातून निसटून पायांमधून आत गेला. दुसऱ्या सत्रात तो जखमी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडू ही भानगडच तेव्हा नव्हती. मग जर्मानो हा बचावपटू गोलकीपर म्हणून उभा राहिला आणि बेन्फिका दहा जणांनी खेळली. आता विचार करा, समोर गतवर्षीचा विजेता, त्याचंच मैदान, गोलात बचावपटू. आणि तरी स्कोअर १-० च राहिला. जर्मानोने एकही गोल खाल्ला नाही.

मी स्वतः तालमीकडून फुलबॅक खेळलोय. एकदा आमचा कीपर पडला म्हणून वीस मिनिटं गोलात उभा राहिलो होतो. हातमोजे मोठे होत होते. समोरून माणूस पळत येतो तेव्हा गोल केवढा रुंद वाटतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून जर्मानोबद्दल मला फार वाटतं.

---

निळी_शाई

दोन वर्षं आधीचीही तशीच. १९६३, वेम्बली, एसी मिलान. युसेबियोने आघाडी मिळवून दिली होती. मग दुसऱ्या सत्रात पिव्हातेल्लीने कोलुनाला आडवं केलं. कोलुना म्हणजे त्या संघाचा कणा, आणि बदली नाही. तो लंगडत राहिला, आल्ताफिनीने दोन गोल केले, २-१.

दोन फायनल, दोन दुखापती. पुढे बदली खेळाडूंचा नियम आला. तो थोडा आधी आला असता तर आज या धाग्याचं शीर्षक वेगळं असतं.

---

साखरभात

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण हे सगळं एका दमात वाचलं. एक शंका. तो गुटमन खरंच तसं बोलला होता का? कोणी ऐकलं?

---

तेजोकाठ

@साखरभात, चांगला प्रश्न. तो कडवटपणे गेला हे नक्की. पण 'शंभर वर्षं' हे वाक्य जसं आज सांगितलं जातं तसं कोणासमोर, कुठल्या दिवशी बोलला, याचा पक्का धागा माझ्या हाती कधीच लागला नाही. मात्र एक गोष्ट ठाम सांगता येते, आणि ती शापवाले कधी सांगत नाहीत. १९६५-६६ च्या हंगामात गुटमन बेन्फिकाचा प्रशिक्षक म्हणून परत आला होता. शाप देणारा माणूस त्याच दारातून पुन्हा आत आला आणि त्याच बाकावर बसला. आणि त्या वर्षी काय झालं? उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून पहिली लढत ३-२ ने हरून बेन्फिका घरी आली. लुझ स्टेडियमवर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, १-५. एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने सुरुवातीलाच दोन गोल मारले. म्हणजे खुद्द गुटमन बरोबर असतानाही बेन्फिका हरलीच.

---

जुनी_वही

गुटमनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याला नुसता शाप देणारा म्हातारा करून टाकणं त्याच्यावर फार अन्याय करणारं आहे.

गुटमन बुडापेस्टचा ज्यू. १९४४ मध्ये तो आधी लपून राहिला, मग वेठबिगारीच्या छावणीत पकडून नेला गेला. तिथून पुढे मृत्यूच्या छावणीकडे रवानगी व्हायच्या आधी त्याने पळ काढला. त्याच्याबरोबर पळालेल्यांत आणखी एक फुटबॉल प्रशिक्षक होता, एर्नो एर्बश्टाइन. गुटमनचे वडील आणि बहीण मात्र वाचले नाहीत.

आता पुढचं ऐका. एर्बश्टाइन युद्धानंतर इटलीला गेला आणि तोरिनोची ती अजिंक्य टीम त्याने घडवली. ३ मे १९४९ ला तोरिनो एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी लिस्बनला आली. समोर कोण? बेन्फिका. कर्णधार फ्रान्सिस्को फेरेराच्या सन्मानार्थ सामना होता, बेन्फिकाने तो ४-३ ने जिंकला. दुसऱ्या दिवशी परतताना तोरिनोचं विमान धुक्यात सुपेर्गाच्या टेकडीवर आदळलं. विमानातले सगळे, ३१ जण गेले. एर्बश्टाइनही त्यात होता.

छावणीतून दोघं मित्र निसटले. एकाचा शेवटचा सामना बेन्फिकाशी झाला, दुसऱ्याने दहा वर्षांनी बेन्फिकाची सूत्रं हातात घेतली. आणि २०१४ ची हरलेली फायनल झाली तीही तोरिनोच्याच गावात, तुरीनमध्ये. मला यातून काही सिद्ध करायचं नाही. पण एवढं सोसलेल्या माणसाने पैशाच्या वादावरून एखाद्या क्लबाला शंभर वर्षांचा शाप दिला, ही गोष्ट मला त्याच्या तोंडी शोभत नाही.

---

आडवाटेचा

__/\__ एर्बश्टाइनचं हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

---

आकडेमोड

धागा सुरेख आहे, पण तेजोकाठ, तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही.

तुम्ही म्हणता वसाहती गेल्या, खेळाडूंची वाट बंद झाली. ठीक. मग पोर्तोचं काय? त्याच देशातला, बेन्फिकापेक्षा कमी चाहत्यांचा क्लब. १९८७ मध्ये युरोपियन कप, २००३ मध्ये यूएफा कप, लगेच २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०११ मध्ये युरोपा लीग. चारही फायनल जिंकल्या. १९८७ ची तर बायर्नविरुद्ध व्हिएन्नाच्या प्राटर स्टेडियममध्ये. तीन वर्षांनी बेन्फिका त्याच मैदानावर एसी मिलानकडून हरली. २०११ ची फायनल तर डब्लिनला पोर्तो विरुद्ध ब्रागा अशी होती, आणि उपांत्य फेरीत ब्रागाकडून हरलेला संघ होता बेन्फिका. देश लहान आहे, पैसा कमी आहे, ही सगळी कारणं पोर्तोलाही लागू आहेत.

त्यात नुसत्या फायनल कशाला मोजायच्या? नोव्हेंबर १९९९ मध्ये सेल्ता व्हिगोने यूएफा कपात ७-० ने धुतलं. २०१७-१८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटातले सहाच्या सहा सामने हरले, एक गोल केला आणि चौदा खाल्ले, त्यातले पाच एका सामन्यात बासेलकडून. हा कारभाराचा दोष आहे. शाप नाही हे मान्य, पण तुम्ही दिलेलं इतिहासाचं कारणही मला पळवाटच वाटते.

---

तेजोकाठ

@आकडेमोड, पोर्तोचा मुद्दा बिनतोड आहे. मी तो टाळला होता हे कबूल करतो. नव्वदच्या दशकात बेन्फिकाचा कारभार ढासळला, कर्ज वाढलं, चांगले खेळाडू विकले गेले, आणि त्याच काळात पोर्तोची घडी नीट बसलेली होती. १९९९ चा तो ७-० चा पराभव सरळ त्या ढासळण्याचं फळ. म्हणून माझं वाक्य दुरुस्त करतो. वसाहती गेल्याने साठच्या दशकासारखी सद्दी परत येणं अवघड झालं. पण नंतर जे गमावलं त्यात स्वतःच्या चुका भरपूर आहेत.

तरीही १९८८ आणि १९९० ला मी कारभाराच्या खात्यात टाकणार नाही. १९८८ ला श्टुटगार्टमध्ये समोर हॉलंडचा पीएसव्ही. फायनलच्या काही दिवस आधी दियामान्तिनो जखमी झाला, संघातला सगळ्यात कल्पक खेळाडू गेला. ०-०, मग पेनल्टी. पहिल्या पाच-पाच सगळ्या आत. सहाव्यांदा व्हेलोझो पुढे आला आणि व्हान ब्रोकेलेनने अडवली. ६-५. गंमत अशी की पीएसव्हीने त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीपासून एकही सामना जिंकला नव्हता, पाचही बरोबरीत, आणि कप त्यांचा! १९९० ला समोर खुलिट, व्हान बास्टेन आणि रायकार्डचं मिलान. त्या मिलानकडून १-० ने हरणं यात लाज कसली. व्हिएन्नातल्या त्या फायनलआधी युसेबियो गुटमनच्या कबरीवर प्रार्थना करून आला, असं सांगतात. तो प्रसंग मला शापाचा वाटत नाही. आपल्या जुन्या गुरूला भेटायला गेलेला शिष्य, एवढंच मला त्यात दिसतं. त्याच गुरूने न्हाव्याच्या दुकानात त्याचं नाव ऐकलं आणि त्याला लिस्बनला आणवलं.

---

साखरभात

न्हाव्याच्या दुकानात?? हे सांगितल्याशिवाय जाऊ नका.

---

निळी_शाई

मी सांगते. गुटमनच्या हाताखाली पूर्वी ब्राझीलमध्ये खेळलेला बावर हा माणूस आफ्रिकेचा दौरा करून लिस्बनमार्गे परत चालला होता. दोघांची गाठ न्हाव्याकडे पडली. बावर म्हणाला, लोरेन्सो मार्किसमध्ये (मोझांबिकमधलं आताचं मापुतो) एक पोरगा बघितलाय, तसा दुसरा नाही. गुटमनने दिरंगाई केली नाही. पण हा पोरगा खेळत होता तो क्लब स्पोर्टिंग लिस्बनशी जोडलेला, म्हणजे बेन्फिकाच्या सख्ख्या वैऱ्याचा. डिसेंबर १९६० मध्ये युसेबियो लिस्बनला उतरला आणि दोन्ही क्लबांची ओढाताण सुरू झाली. प्रकरण शांत होईपर्यंत बेन्फिकाने त्याला दक्षिणेकडे समुद्रकाठच्या लागुशला नेऊन ठेवलं. तारांमध्ये त्याचं नाव लिहायचे 'रुथ', कोणाला सुगावा लागू नये म्हणून.

या भानगडीमुळे १९६१ ची फायनल तो खेळला नाही. पण दोनच आठवड्यांनी पॅरिसला पेलेच्या सान्तोसविरुद्ध बदली म्हणून आला (मैत्रीपूर्ण स्पर्धा, तिथे चालायचं) आणि तीन गोल ठोकले. सामना सान्तोसने ६-३ ने जिंकला, तरी दुसऱ्या दिवशी सगळीकडे नाव त्या पोराचं.

---

मांडवीपार

मी डिचोलीचा. सहसा नुसता वाचत असतो, आज राहवलं नाही.

कोणी लिहिलं नाही म्हणून आठवण करून देतो. बेन्फिकाने पहिला कप जिंकला मे १९६१ मध्ये. तेव्हा गोवा पोर्तुगालच्या ताब्यात. दुसरा जिंकला मे १९६२ मध्ये. मधे १९ डिसेंबर १९६१ येऊन गेला. म्हणजे आमच्या आजोबांनी पहिला कप परकीय राजवटीखाली ऐकला आणि दुसरा स्वतंत्र भारताचे नागरिक म्हणून.

आजोबा मुक्तीच्या बाजूचे, मराठी शाळेसाठी धडपडणारे. पोर्तुगीज पोलिसांचा त्यांना भयंकर राग. पण त्यांचे धाकटे बंधू पोटापाण्यासाठी लोरेन्सो मार्किसला रेल्वेच्या कचेरीत होते, आणि ते पक्के बेन्फिकावाले. कोलुनाला त्यांनी तिथे पोरवयात खेळताना पाहिलं होतं. पहिल्या कपानंतर त्यांचं पत्र आलं, चार पानी. त्यातली साडेतीन पानं फायनलची.

मुक्तीनंतर तिकडचं टपाल बंद झालं. दोघा भावांना एकमेकांची खुशाली कळेना. मग नैरोबीतल्या एका नातेवाइकामार्फत फिरून फिरून एक लखोटा आला. आत पत्र अगदी छोटं, कारण कोण उघडून वाचेल याची धास्ती. आणि एक वर्तमानपत्राचं कात्रण. लोकांच्या खांद्यावर बसलेला युसेबियो.

आजी सांगायची, आजोबा ते कात्रण हातात घेऊन बराच वेळ ओसरीवर बसले होते. फुटबॉलचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. भाऊ जिवंत आहे आणि आनंदात आहे, हे त्यांना त्या फोटोवरून कळलं.

---

रंकाळ्याचा_वारा

@मांडवीपार, डोळ्यांत पाणी आणलंत. ते कात्रण आहे का अजून घरात?

---

मांडवीपार

असायला हवं. गावच्या घरी आजोबांची एक लाकडी पेटी आहे. चतुर्थीला जाणार आहे, तेव्हा शोधतो.

---

आकडेमोड

मांडवीपार, यापुढे आकडे मांडायची इच्छा राहिली नाही. तरी एक भर घालतो, कारण ती बेन्फिकाच्या बाजूची आहे. नोव्हेंबर १९६९, सेल्टिक. ग्लासगोला सेल्टिक ३-०. लिस्बनला बेन्फिका ३-०, तिसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी. जादा वेळेतही निकाल नाही. तेव्हा अशा लढतीत पेनल्टीचा नियम नव्हता. दोन्ही कर्णधारांना घेऊन पंच आपल्या खोलीत गेले आणि नाणं उडवलं. सेल्टिक पुढे, बेन्फिका घरी. त्याच हंगामात सेल्टिकने फायनल गाठली. तीन गोलांची पिछाडी भरून काढायची आणि एका नाण्यावर बाहेर जायचं. याला मी दुर्दैव म्हणायला तयार आहे.

---

तेजोकाठ

@मांडवीपार, तुमच्या प्रतिसादानंतर मी लिहायला घेतलेलं बाजूला ठेवलं होतं. आज पुरं करतो.

मी २०१२ ते २०१५ लिस्बनला होतो, नोकरीनिमित्त. पहिल्या वर्षी काय बघितलं सांगू? मे २०१३. ११ तारखेला पोर्तोच्या मैदानात ९२ व्या मिनिटाला केल्विन नावाच्या पोराने गोल मारला आणि हातात आलेलं लीगचं विजेतेपद निसटायला लागलं. प्रशिक्षक जॉर्ज जेझूस तिथेच बाजूरेषेवर गुडघ्यांवर बसला. चार दिवसांनी ॲमस्टरडॅमला चेल्सी. बेन्फिका जास्त चांगली खेळली, आणि ९३ व्या मिनिटाला कॉर्नरवर इव्हानोविचचं डोकं. २-१. महिनाअखेर पोर्तुगीज कपाची फायनलही गेली. माझ्या इमारतीखालच्या कॅफेचा मालक दोन आठवडे कोणाशी बोलत नव्हता. कॉफी पुढे सरकवायचा आणि पाठ फिरवायचा.

मग ५ जानेवारी २०१४. युसेबियो गेला. मी निळ्या लाइनच्या मेट्रोने स्टेडियमवर गेलो. बाहेर त्याचा पुतळा आहे, पाय मागे घेऊन फटका मारण्याच्या पवित्र्यातला. पुतळा दिसत नव्हता. लाल मफलरींचा ढीग कमरेपर्यंत आला होता. त्यात पोर्तोच्या निळ्या होत्या, स्पोर्टिंगच्या हिरव्या होत्या. एक म्हातारा माणूस हिरवी मफलर गळ्यातून काढून, नीट घडी करून ठेवत होता. पुढच्याच रविवारी पोर्तोशी सामना होता, आणि बेन्फिकाच्या अकराही जणांच्या पाठीवर एकच नाव: युसेबियो. २-० ने जिंकले. माझ्या शेजारच्या खुर्चीत नेहमी बसणारे सत्तरीचे गृहस्थ कागदाच्या पुडीतले खारवलेले पिवळे दाणे दातांनी साल काढून खायचे आणि प्रत्येक पासवर टीका करायचे. त्या दिवशी पुडी तशीच मांडीवर राहिली. नव्वद मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात कोलुनाही गेला, मापुतोला.

मे महिन्यात तुरीनची फायनल, सेव्हिला. एन्झो पेरेझ, साल्व्हिओ आणि मार्कोविच, तिघे कार्डांमुळे बाहेर. तीन मुख्य खेळाडूंविना फायनल खेळायची. पुन्हा ०-०, पुन्हा पेनल्टी. सेव्हिलाचा कीपर बेतो हा लिस्बनचाच, स्पोर्टिंगच्या अकादमीत वाढलेला. त्याने कार्दोझो आणि रोद्रिगो दोघांच्या अडवल्या. मी त्याच कॅफेत उभा होतो. गामेरोची शेवटची आत गेली तेव्हा कोणी ओरडलं नाही, कोणी ग्लास आपटला नाही. मालकाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळ्यांसाठी कॉफी ठेवली. पैसे घेतले नाहीत.

त्या कॅफेत गुटमनचं नाव कोणी काढलं नाही. लोक रोद्रिगोने चेंडू कुठे मारायला हवा होता यावर बोलत होते, मार्कोविच असता तर काय झालं असतं यावर बोलत होते. शापाचं मला पहिल्यांदा विचारलं ते दुसऱ्या दिवशी, भारतातून आलेल्या फोनवर.

---

आडवाटेचा

१९६८ ची राहिलीच की सगळ्यांची. वेम्बली, मँचेस्टर युनायटेड. १-१ असताना शेवटच्या मिनिटांत युसेबियो एकटा सुटला, समोर फक्त कीपर स्टेपनी. त्याने जीव तोडून मारला, स्टेपनीने छातीवर धरला. आणि युसेबियो काय करतो? थांबतो, आणि स्टेपनीसाठी टाळ्या वाजवतो. जादा वेळेत तीन गोल खाऊन ४-१ ने हरले. कप गमावणारी ती चूक होती, आणि त्या क्षणी तो समोरच्याला दाद देत होता. माझ्या मुलाला मी ते दृश्य पाच वेळा दाखवलंय.

---

जुनी_वही

एक बातमी शापवाल्यांसाठी. बेन्फिकाच्या पोरांचा संघ यूएफाच्या युथ लीगमध्ये २०१४, २०१७ आणि २०२० अशा तीन फायनल हरला होता. तेव्हाही गुटमनचं नाव निघालंच. २५ एप्रिल २०२२ ला स्वित्झर्लंडमध्ये न्यों इथे चौथी फायनल झाली, साल्झबर्गविरुद्ध. दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल. एन्रिक आराउझोने तीन मारले. ६-०. युरोपातलाच कप, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी आणला.

तसाही २०१४ मध्ये क्लबाने लुझवर गुटमनचा पुतळा बसवला आहे. दोन्ही हातांत एकेक कप घेऊन तो उभा आहे.

---

मांडवीपार

गावी जाऊन आलो. पेटीत शाळेच्या पावत्या, आजीचा चष्मा, आणि खाली पत्रांचा गठ्ठा.

कात्रण सापडलं. घड्यांवर फाटलंय, युसेबियोचा चेहरा दोन तुकड्यांत आहे, पण ओळखू येतो. तेजोकाठ, तुम्ही लिहिलं होतं म्हणून भिंग लावून बघितलं. चड्डीत खोचलेलं पांढरं कापड दिसतंय. मागच्या बाजूला शिवणयंत्राची अर्धी जाहिरात आहे. कडेला आजोबांनी पेन्सिलीने मराठी आकड्यांत लिहिलंय, ५-३. आणि त्याखाली भावाचं घरचं नाव.